फिकट अक्षरातली नावं

किळस करायला मला सुधाकर सरांनी शिकवलं. त्याआधी मला किळस यायची ती साध्या गोष्टींची. क्वार्टरच्या मागून वाहणाऱ्या उघड्या नालीची, पावसाळ्यात मोरीतून वर येणाऱ्या गोमेची, रेल्वेच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवरच्या पिवळ्या डागांची. अक्षराचीही शिसारी येऊ शकते, एखादी पाटी बघून तोंड फिरवावंसं वाटू शकतं, हे मला समता कॉलनीतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कळलं. खाली पॅथॉलॉजी लॅब होती. जिना चढताना स्पिरिटचा वास यायचा आणि वरचं दार उघडलं की एसीचा गार वारा आणि अगरबत्ती. तीन कम्प्युटर, एक स्कॅनर, भिंतीवर काहीही नाही. कॅलेंडरसुद्धा नाही. सर म्हणायचे, रायपुरात एकही कॅलेंडर असं नाही की ज्याच्यासमोर माणसानं वर्षभर बसावं.

सर मूळचे नागपूरचे. त्यांच्या वडिलांचा रायपूरच्या गोल बाजारात छोटा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे. वडील गेल्यावर सरांनी यंत्रं विकली आणि डीटीपीचं काम सुरू केलं. मग आमचं वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहरातल्या प्रत्येक माणसाला एकाएकी वेबसाइट पाहिजे झाली. बिल्डर, डॉक्टर, मार्बलवाले, शाळा, सगळे. ती कशाला हवी ते कुणालाच माहीत नव्हतं, पण शेजारच्यानं केली म्हणजे आपली पाहिजे. सरांकडे त्यामुळे माणसांची गरज होती आणि मी बी.ए. करून, कम्प्युटरचा एक कोर्स करून घरी बसले होते.

मुलाखत अशी झाली नाही. सरांनी माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, खाली उतर, चौकापर्यंत जा आणि परत येऊन सांग की सगळ्यात वाईट पाटी कोणती. मी गेले. परत येऊन सांगितलं की मिठाईच्या दुकानाची. का, म्हणाले. मला कारण सांगता येईना. शेवटी म्हटलं, त्यातला 'मि' पडून राहिल्यासारखा वाटते. सर खळखळून हसले आणि उद्यापासून ये म्हणाले.

पुढचं दीड वर्ष मी त्या माणसाकडून जे शिकले ते मला कुठल्याही कॉलेजात मिळालं नसतं, हे मी आजही नाकारत नाही. मराठीतला ल आणि हिंदीतला ल यांची वळणं निराळी असतात आणि इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हिंदी वळणाचा ल घातला की आजीच्या अंगावर सलवार चढवल्यासारखं होतं, हे त्यांनी दाखवलं. वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे आपल्या ओळींना इंग्रजी ओळींपेक्षा जास्त हवा लागते. इंग्रजीच्या शेजारी ठेवलेलं नागरी अक्षर त्याच मापाचं असूनही लहान दिसतं, म्हणून ते थोडं मोठं घ्यावं लागतं. आणि जोडी लावणं. एका पानाला दोन टाइप, म्हणजे अक्षरांच्या दोन घडणी, पुरतात, तिसरा आला की भांडण, असं ते म्हणायचे. दोन्ही नटलेले असले तर वरातीत दोन नवरदेव. दोन्ही जवळजवळ सारखे असले तर बघणाऱ्याला वाटतं चूक झाली. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, म्हणजे जोडी जमते.

त्या काळी वेबसाइटवर हिंदी लिहिणं म्हणजे कटकट होती. आपल्या कम्प्युटरवर सुरेख दिसणारा मजकूर दुसऱ्याच्या कम्प्युटरवर उघडला की प्रश्नचिन्हं आणि चौकोन. म्हणून आम्ही हिंदी मजकुराचं चित्र तयार करायचो आणि पानावर ते चित्र चिकटवायचो. प्रत्येक नाव, प्रत्येक मथळा हातानं बसवायचा. सर माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि अगदी हळू आवाजात सांगायचे, या रेषेला थोडा श्वास दे. आता त्या रकाराला जरा मागे घे. त्यांचा आवाज फार मऊ होता. आणि किळसही त्यांना मऊच यायची. कुणी ग्राहक आपली जुनी पत्रिका घेऊन यायचा, लाल-सोनेरी, सहा प्रकारची वळणदार अक्षरं, सावली पडलेली, आणि सर ती दोन बोटांनी कडेला धरून टेबलाच्या टोकाला सरकवायचे. नंतर हात धुवून यायचे. खरंच धुवायचे.

माझा डबाही त्यांना सोसायचा नाही. आई कधी वांग्यात सुकट घालायची, कधी जवसाची चटणी आणि भात, कधी लाल भाजी आणि लसणाचं तिखट. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, वैशाली, तू वर गच्चीत जेवत जा, कम्प्युटरला वास लागतो. मी ते खरं मानलं. उन्हाळ्यात टाकीच्या सावलीला बसून मी जेवायचे आणि मनात म्हणायचे, केवढी नाजूक मशीन आहे. कम्प्युटरला नाक नसतं हे समजायला मला फार वर्षं लागायला नको होती खरं तर, पण विशीतल्या पोरीला ज्याच्याकडून शिकायचं आहे त्याचं सगळंच खरं वाटतं.

घरी मी असह्य झाले. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, बाबा वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर. सकाळी भोंगा वाजला की क्वार्टरांची सगळी लाइन जागी व्हायची, दिवसभर डबे एकमेकांना जोडल्याचा धाडकन आवाज यायचा, आणि पाहुणे दचकायचे, आम्हाला तो ऐकूच येत नसे. त्या घरात मी येता-जाता नाक मुरडू लागले. तेलवाल्याच्या कॅलेंडरवरचे आकडे, विहारातल्या कार्यक्रमाचं निळं पत्रक, बाबांच्या युनियनचा कागद, चहाच्या पुड्यावरचं नाव. जेवताना मी पापडाचं पाकीट उचलून सांगायचे की याच्यावर किती टाइप वापरले बघा. आई म्हणायची, जेवताना अक्षराचं नको बोलत जाऊ वो, अन्न जात नाही. एकदा तिनं बाबांना विचारलं की हा मानूस पोट्टीले काम शिकवून राहिला का नाक मुरडणं. बाबा हसले. त्यांना मी एसीत बसते याचाच आनंद होता.

आमच्या शेजारी मेश्रामकाका राहायचे. बाबांच्याच शॉपमधले, वेल्डर. त्यांची सुजाता माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. घरात तिच्याशी सगळे मराठी बोलायचे आणि ती सगळ्यांना हिंदीत उत्तर द्यायची, आमच्या लाइनीतली सगळीच लेकरं तशी. ती इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. त्यासाठी काकांनी तिला शहरातल्या एका मोठ्या कोचिंगला घातलं होतं. सकाळी अंधारात ती सायकल काढायची आणि काकू फाटकापर्यंत जाऊन उभी राहायची. निकाल आला तेव्हा सुजाता निवडली गेली होती, चांगल्या क्रमांकानं. त्या दिवशी काकूंनी लाइनीतल्या प्रत्येक दारात पेढे दिले आणि ज्या घराशी पाण्यावरून भांडण होतं त्या घरातही दिले.

त्याच आठवड्यात त्या कोचिंगचे संचालक आमच्या ऑफिसात आले. गोरे, गुबगुबीत, बोलायला अतिशय गोड. त्यांना नवी वेबसाइट पाहिजे होती आणि पहिल्याच पानावर निवड झालेल्या विद्यार्थ्यांची नावं. त्यांनी सरांसमोर नावांचे दोन गठ्ठे ठेवले. पहिल्यावर हात ठेवून म्हणाले, ये हमारे असली टॉपर हैं. दुसऱ्यावर नुसतं बोट टेकवलं. बाकी ये हैं, कोटे वाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की ही दुसरी नावं टाकायची तर आहेत, कारण एकूण आकडा मोठा दिसला पाहिजे, पण त्यांच्यामुळे वरच्यांची शान जाऊ नये. पालक लोक बघतात, म्हणाले, आपला मुलगा कुणाबरोबर बसणार ते.

सर मान डोलावत होते. मला वाटलं, आता ते गठ्ठे दोन बोटांनी टेबलाच्या टोकाला सरकवतील. त्यांनी दोन्ही गठ्ठे आपल्याकडे ओढले.

संचालक गेल्यावर सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. वरच्या नावांसाठी त्यांनी आमच्याकडचा सर्वांत भारदस्त टाइप निवडला, जाड शिरोरेषेचा, काळाभोर. खालच्यांसाठी एक अगदी बारीक टाइप, केसासारख्या रेषांचा, जो कागदावर सुंदर दिसतो आणि कम्प्युटरच्या काचेवर जागोजागी तुटतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं की पडद्यावर हा वापरू नये. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, म्हणूनच तर. रंग पांढऱ्यावर करडा घे, मग अजून थोडा उतरव. माप कमी कर. मग त्या मऊ आवाजात म्हणाले:

"दिसलं पाहिजे, पण वाचता नाही आलं पाहिजे."

मी काम करत गेले, कारण हाताला सवय होती आणि डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. दुसऱ्या गठ्ठ्यातली नावं मी एकेक टाइप करू लागले. त्यातली निम्मी आडनावं आमच्या लाइनीतली, आमच्या विहारातली, आमच्या नातेवाइकांची. मग सुजाता मेश्राम आलं. मी थांबले. नावांसमोर गुण लिहिलेले होते. तिचे गुण वरच्या जाड अक्षरांतल्या दोघांपेक्षा जास्त होते.

मी नावं बसवली, आणि मग सगळी पुसून पुन्हा बसवली, दोन्ही गठ्ठे एकाच टाइपात, एकाच मापात, गुणांप्रमाणे. पान थोडं दाटलं, पण वाईट नव्हतं. सर चहा पिऊन आले आणि त्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. म्हणाले, बसवलंस छान, पण ग्राहकाला हे नको आहे. मी म्हटलं, सर, यातली एक आमच्या शेजारची आहे, आणि तिला वरच्यांपेक्षा जास्त गुण आहेत. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. म्हणाले, "मग तिला सांग की नाव आलं. तुमच्या लोकांत तेवढंही पुष्कळ असतं."

इतकी वर्षं झाली, मी हे वाक्य किती जणांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी लोक विचारतात की तुला राग नाही आला का. नाही आला. मला मळमळलं. बोराला चावा घ्यावा आणि उरलेल्या अर्ध्या बोरात अळी वळवळताना दिसावी, तसं. राग आला की माणूस समोरच्यावर धावून जातो. मला फक्त माझी खुर्ची त्यांच्यापासून लांब सरकवावीशी वाटली. दीड वर्ष हा माणूस माझ्या खांद्यामागे उभा राहून श्वास घेत होता.

मी म्हटलं, हे मी नाही करणार, सर. माउस सोडला आणि पर्स घेतली. मागे वळून पाहिलं तर ते माझ्या खुर्चीवर बसून स्वतः काम करू लागले होते, आणि मान किंचित कलती करून, मन लावून, एकेक अक्षर उतरवत होते.

घरी आई-बाबांना सांगितलं. टाइप म्हणजे काय, तो जाड-बारीक का करतात, हे मी त्यांना पहिल्यांदाच नीट समजावून सांगितलं. इतके दिवस फक्त नाकं मुरडली होती. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "अक्षरातबी जात पाहून राहिले काय आता." आणि लाटत राहिली. बाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले की मेश्रामले नको सांगजो. त्याच्या घरी आनंद चालू आहे, चालू दे. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही, ताप आहे असं कळवलं.

पण लपणार कसं. कोचिंगनं मुलांना सांगून टाकलं की नावं नेटवर आली आहेत, घरच्यांना दाखवा. रविवारी सकाळी मेश्रामकाका आमच्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मागे सुजाता. वैशू, तुले येते ना ते नेटचं, म्हणाले, चाल बरं, मले पोरीचं नाव पाहायचं आहे. मी बाबांकडे पाहिलं. बाबा पेपरात तोंड घालून बसले. मला वाटलं, कदाचित कोचिंगवाल्यांनी बदललं असेल. माणूस अशा वेळी काय वाटेल ते मानून घेतो.

स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता, प्लायवुडच्या कप्प्यांचा, आत शिळ्या घामाचा आणि मच्छर अगरबत्तीचा वास. एका कप्प्यात आम्ही तिघं कोंबून बसलो. पान हळूहळू वरून खाली उघडत गेलं. आधी मोठा आकडा आला, मग जाड काळी नावं. काका ती मोठ्यानं वाचू लागले. किती साफ लिहिलं आहे, म्हणाले. एकेक नाव वाचत ते खाली आले आणि नावं संपली. ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. त्यांचं बोट काचेवरून फिरत होतं, वेल्डिंगच्या डागांचं, नखं तुटलेलं बोट.

"हे खाली नक्षी आहे काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. काका, इथं आहे, म्हटलं. ते पुढे वाकले. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि परत वाकले. माझा नंबर वाढला वाटते, म्हणाले. ओशाळून हसले. कॅफेवाला त्यांच्या खांद्यावरून हात घालून मॉनिटरची बटणं दाबू लागला, उजेड कमी-जास्त करू लागला, आणि जितका उजेड वाढला तितकी ती नावं आणखी विरत गेली.

 आजही, जेव्हा माझा भाचा त्याच्या कंपनीचं काम मला कौतुकानं दाखवतो, पांढऱ्यावर फिकट करडी, काड्यांसारखी बारीक अक्षरं, आणि म्हणतो मावशी, किती क्लीन आहे ना, तेव्हा मला कॅफेतला तोच कप्पा आठवतो. तो बिचारा चांगल्या मनानं करतो. त्याला मी आधी विचारते की हे कुणाला वाचायचं आहे, कोणत्या वयाच्या माणसाला, कोणत्या उजेडात. आणि कुणाला वाचू द्यायचं नाही, तेही ठरवलं असेल तर आत्ताच सांग. तो म्हणतो, मावशी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधता.

कॅफेत सुजाता पुढे वाकून पान बघत होती. ती वडिलांना म्हणाली, "पापा, आपका चश्मा ठीक है." मग माझ्याकडे वळून विचारलं, "दीदी, ये ऐसा ही बनाया गया है ना?"

मी म्हटलं, हव. आणि मग सगळं सांगितलं, सरांच्या त्या वाक्यासकट.

काकांना भानगड नको होती. नाव आलं ना, जाऊ दे, उद्या तुले कॉलेजात जायचं आहे, म्हणाले. सुजाता ऐकेना. दुसऱ्या दिवशी काकांची ड्यूटी सुटल्यावर आम्ही तिघं कोचिंगला गेलो. संचालकांनी आम्हाला लगेच आत घेतलं, पाणी मागवलं, सुजाताला बेटा बेटा केलं. तिनं जेव्हा विचारलं की माझं नाव असं का, तेव्हा त्यांनी स्वतःच कम्प्युटर आपल्याकडे वळवला, डोळे बारीक केले, आणि चकित झाल्यासारखे म्हणाले, अरे, ये तो कम्प्यूटर वालों ने गड़बड़ कर दी. मी कोण हे त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवशी आमच्या ऑफिसात मी त्यांच्या पाठीमागेच बसून काम करत होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. लगेच फोन लावतो म्हणाले, आणि आमची खात्री पटावी म्हणून फोनचा स्पीकर सुरू केला.

सरांचा आवाज आला. तोच मऊ आवाज. संचालकांनी विचारलं की यह नाम इतने हल्के कैसे हो गए. सर क्षणभरही थांबले नाहीत. "नई लड़की है हमारे यहाँ, उसी ने ग़लत फ़ॉन्ट लगा दिया. कितना भी समझाओ, ये लोग ध्यान नहीं देते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. माझे कान गरम झाले होते, पण आवाज स्वच्छ निघाला.

"सर, मी वैशाली. मी इथंच बसून आहे."

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज, मग नेटवर्क, नेटवर्क असं काहीतरी, आणि फोन बंद झाला. संचालकांनी रिसीव्हर फार काळजीपूर्वक जागेवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, फक्त कुठे ठेवावं ते त्याला सुचत नव्हतं.

सुजाता म्हणाली की सर, सगळ्यांची नावं एकसारखी करा, नाहीतर माझं काढून टाका. एकसारखी करणं टेक्निकल आहे, संचालक म्हणाले. काढता येईल. पण विचार कर बेटा, मग तुझं नाव कुठेच दिसणार नाही.

"अभी भी कहाँ दिख रहा है," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर काका सायकलचं कुलूप उघडायला खूप वेळ लावत होते. मी त्यांना म्हटलं, काका, ते नाव मी बारीक केलं नाही. ते म्हणाले, मले माहीत आहे पोरी. एवढंच.

त्यानंतर ऑफिसात मी एकदाच गेले, माझी छत्री आणायला. सर काम करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "पान फार चांगलं झालं होतं, वैशाली. तू उगाच भावनिक झालीस." मी छत्री घेतली आणि उतरले. जिन्यात स्पिरिटचा वास आला आणि तो मला वरच्या अगरबत्तीपेक्षा स्वच्छ वाटला. त्यांना काय उत्तर द्यायला हवं होतं याची मी पुढे कित्येक वर्षं जुळवाजुळव केली. एकही उत्तर पुरं पडलं नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते. पान खरंच चांगलं झालं होतं. वरची नावं पाहून डोळा जिथं थांबायला हवा तिथं थांबत होता, खालच्या फिकट पट्टीमुळे ती उठून दिसत होती, मोकळी जागा जिथं हवी तिथं होती. माझ्या शिकलेल्या डोळ्याला ते आवडलं होतं. या गोष्टीची जेवढी घाण वाटते तेवढी त्या माणसाचीही वाटत नाही.

पुढे मी पुरानी बस्तीत एक खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. शाळांची प्रगतिपुस्तकं, दवाखान्यांच्या सूचना, पुस्तकं, नंतर वेबसाइटी. सुजाता शिकली, नोकरीला लागली, आता भिलाईत असते, तिची मुलगी तिला मराठीत प्रश्न विचारते आणि ती अजूनही हिंदीत उत्तर देते. सर मागच्या काही वर्षांत थकले असं ऐकते. मी भेटायला गेले नाही.

त्या आठवड्यातलं एक मात्र सांगायचं राहिलं. काका पुन्हा आमच्या दारात आले. या वेळी एकटे, ड्यूटीवरून थेट, अंगावर काळे डाग. नाव काढलं का नाही ते पाहून घेऊ, म्हणाले. आम्ही त्याच कॅफेत गेलो. मी पान उघडलं. एकूण आकडा तेवढाच होता, तो काही त्यांनी कमी केला नव्हता. वरची काळी नावं तशीच. खालच्या फिकट पट्टीत जिथं सुजाता होती तिथं आता दुसरं नाव सरकलं होतं. नाही ना आता, काकांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते बरं झालं म्हणाले.

मला वाटलं ते उठतील. ते उठले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता बाकीचे वाच. कोणाकोणाचे लेकरं आहेत ते तरी समजू दे."

मी वाचू लागले. ती अक्षरं वाचायला मला पडद्याला नाक लावावं लागत होतं, बाजूच्या कप्प्यातला कुणीतरी आवाज कमी करा म्हणाला, आणि काका त्याला म्हणाले की भैया, थोडं थांबा. एकेक नाव मी मोठ्यानं घेतलं. काका प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू ते लेकरू समोरून जात आहे. शेवटून तिसऱ्या नावाशी मी अडले. बारीक टाइपातली टिंबं पडद्यावर उरलीच नव्हती. रवींद्र शेंडे असेल की रवींद्र शेडे, ते काही केल्या कळेना. मी काकांना तसं सांगितलं.

काका म्हणाले, "दोन्ही वाच."

मी दोन्ही वाचली.